विहीणबाई, किटली मिळाली

सावेडी, अहमदनगर
२४ मार्च २०२१

साळूबाई विहीणबाईंना भार्गवीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोन असताना ही बाई कागद का खरडतेय, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या वस्तीवर छपरावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि इकडे मी फोनवर बोलायला लागले की निकिता दारामागे उभी असते. व्हिडिओ कॉलवर तर आपण तिघी फोटो काढायला बसल्यासारख्या हसत असतो. तुमच्या पुतण्याचा टेम्पो रोज सकाळी वस्तीवरून दूध घेऊन नगरात येतो आणि तुमच्या लेकीसाठी वेगळी किटली आणतो. त्याच गोरक्षला मी टपाल खातं दिलंय. फाटकाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवलाय. जाताना तो माझं पत्र नेईल, येताना तुमचं अडकवेल.

आता मुद्द्याचं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. बाळंतपण इथेच करायचं ठरवलंय. निकिताचं बीपी थोडं वर आहे. डॉ. लीना म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी, तेव्हा फळ्यापाशी बोलताना थरथरायची, आता मला दटावते. ती म्हणाली, "बाई, ह्या दिवसांत प्रवास नको. तिकडच्या दवाखान्यांत खाटा मिळत नाहीयेत." पहिलं बाळंतपण माहेरी हा तुमचा हक्क आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या लेकीनं माझ्या राजसशी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती, तेव्हाही तुम्ही कसला हट्ट धरला नव्हता. एवढा एकच हक्क तुमचा होता आणि तो मी काढून घेतेय. रागवा, पण तोंडावर रागवा.

राजस चाकणच्या कारखान्यातच राहतो. रविवारी येऊन फाटकाबाहेरून बायकोला बघतो आणि जातो. मी लस घेतली, दंड दुखला, बाकी काही नाही. निकिता मजेत आहे. काळजी नसावी.

भार्गवी


वस्ती, राळेगणच्या अलीकडे, ता. पारनेर
२७ मार्च

विहीणबाई,

पत्र मिळालं. सातवी झाल्यावर सासरी आले, त्यानंतर लिहायचं काम पडलं ते डेअरीच्या सहीपुरतं. तुम्ही हेडमास्तरीण, तेव्हा चुका दिसल्या तर लाल पेन घेऊ नका.

राग आला का म्हणाल तर आला. मागची खोली सारवून घेतली होती. बाजेला नवी सुतळी विणली. निकीच्या बापानं शेकोटीसाठी बाभळीची लाकडं वेगळी फोडून ठेवलीत. ह्यांना सांगितलं तर उठून त्या लाकडांवर ताडपत्री टाकून आले. पण डॉक्टरीण म्हणते त्यापुढं आमचं काय. लेक सुखरूप राहू दे, बाज काय, कधीही वापरता येईल.

एक सांगते, राग मानू नका. आमची किटली तुमच्याकडून रोज रिकामी येते. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर गुळाचा खडा तरी टाकतात. गोरक्ष म्हणाला, "काकू, त्या किटलीला हातच लावीत न्हाईत. बाहीर पातेलं ठेवत्यात, आपन वरून वतायचं." आजाराचे दिवस आहेत, समजतं मला. तरी बरं वाटत नाही.

आणि एक विचारते. निकी फोनवर हात का दाखवत नाही? आधी बोलताना तिचे हात चालायचे, आता ओढणीत घालून बसते. तुम्ही मजेत म्हणता, मग मजेत असेल.

इकडं सगळं ठीक.

साळूबाई


सावेडी
५ एप्रिल

साळूबाई,

गुळाच्या खड्याचं मी लक्षात ठेवलंय. आजार सरू दे, किटली भारानं उचलता येणार नाही इतकं घालीन. हाताचं म्हणाल तर शेवटच्या महिन्यांत हातपाय सुजतात, बांगड्या रुततात. झाकून बसत असेल.

आज वेगळंच विचारायचंय. गेल्या आठवड्यात तीनदा दूध नासलं. गॅसवर ठेवलं की फाटतं, आज तर उकळीही आली नव्हती. गोरक्ष म्हणतो बाकी गिऱ्हाइकांची तक्रार नाही. त्यांचं दूध मोठ्या कॅनमधलं, आपलं तेवढं किटलीतलं. तेव्हा मला वाटतं, तुम्ही लेकीच्या मायेनं आदल्या संध्याकाळचं सायीचं दूध त्यात मिसळत असाल. तसं करू नका. उन्हाळा सुरू झालाय आणि टेम्पो सुप्याच्या चौकात तपासणीला थांबून राहतो. किटली आतून उकळत्या पाण्यानं धूत जा, कडांना राहतं. शाळेच्या खिचडीची भांडी मी पंचवीस वर्षं तपासली आहेत, म्हणून सांगते.

पनीर करून खाल्लं, वाया काही घालवलं नाही.

भार्गवी


वस्ती
७ एप्रिल

विहीणबाई,

ह्या घरात आले तेव्हापासून धार काढते. आमच्या दुधाचा फॅट डेअरीवाला न तपासता सांगतो. ताज्यात शिळं घालायला मी काही दुकान मांडलेलं नाही, आणि ते दूध माझ्या पोटुशा लेकीला जातं. किटली मी स्वतः धुते, राखेनं घासते, उन्हात पालथी घालते. शाळेची भांडी तुम्ही तपासली असतील, माझी तपासायची गरज नाही.

दूध नासतं ते तुमच्या दारात. इथून निघताना चांगलं असतं. तुमच्या घरात काय नासतंय ते तुम्ही बघा.

रागाच्या भरात लिहिलं, पण खोडत नाही.

साळूबाई


सावेडी
१७ एप्रिल

साळूबाई,

तुमचं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. मी दोन चिठ्ठ्या पाठवल्या, उत्तर नाही. दूध येतं, पण म्हशीचं नाही. साय बोटाला लागत नाही, रंग पिवळसर. म्हटलं, विहीणबाई इतक्या रागावल्या की लेकीला गाईच्या दुधावर आणलं. रोज सकाळी पातेल्यातली साय बघायची आणि तुमचा राग किती उतरला त्याचा अंदाज बांधायचा, असं चाललंय. गोरक्षला विचारलं तर तो मास्क वर ओढतो आणि म्हणतो, "मला काय म्हाईत न्हाई बाई, मी फकस्त आनतो." माहीत नसलेल्या माणसाचे डोळे तसे दिसत नाहीत, पण तो चालता झाला.

तर आता मी लिहिते ते नीट बसून वाचा. दूध तुमच्याकडून चांगलंच येत होतं. ते माझ्याच दारात नासत होतं.

परवा पहाटे जाग आली ती मागच्या नळाच्या आवाजानं. बघते तर निकिता अंगणात खाली बसून दुधाचं पातेलं धुतेय. साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं. मग व्हिनेगरची बाटली काढली, पातेल्यात ओतली, सगळीकडून फिरवली आणि ते तसंच न पुसता फाटकाशी ठेवलं. वर गोरक्षनं दूध ओतायचं, आणि ते मी गॅसवर ठेवायचं. नासणार नाही तर काय होईल. मी जवळ गेले. तिचे हात बघितले, साळूबाई. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, मनगटापर्यंत सालं निघालीत. तुम्ही दुरून फोनवर ओळखलंत आणि मी त्याच घरात राहून सुजेची गोष्ट सांगितली.

"निकिता मजेत आहे" हे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते तुम्ही काळजी करू नये म्हणून. ती झोपत नव्हती हे मला दिसत होतं. दाराची कडी, भाजी, नोटा, वर्तमानपत्र, सगळं धुते आणि पुसते. छातीत धडधडतं म्हणते. मला वाटलं, मी तिच्याभोवती धीट वागले की तिलाही धीर येईल. आयुष्यभर वर्गात शिरले की वर्ग शांत होतो, त्याची सवय झालीय. ही पोर शांत झाली नाही, नुसती माझ्यापासून लपायला शिकली.

लीनाला घरी बोलावलं. औषध म्हणून हाताला मलम दिलं, आणि फोनवरून एका समुपदेशक बाईंशी निकिताचं बोलणं सुरू केलंय. लीना म्हणाली, बीपी अजून हाताबाहेर नाही, पण ही घबराट अशीच वाढली तर मुदतीआधी सिझेरियन करावं लागेल आणि मग बाळ काचेच्या पेटीत. मी तसं होऊ देणार नाही. आपण तसं होऊ देणार नाही.

मला एकच सांगा. ती लहानपणी घाबरली की काय करायची? तुम्ही तिची आई आहात, मला माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. रागावर नंतर बोलू. दुधावरून जे लिहिलं ते मी परत घेते.

भार्गवी


वस्ती
२० एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र गोठ्यात उभ्यानं वाचलं आणि तिथंच बसले.

मी रागावले नव्हते. म्हणजे दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी निकीच्या बापाला ताप आला. तपासणी केली तर कोरोना निघाला. सहादेव पाटलांना कधी साधी सर्दी झालेली कुणी बघितली नव्हती, पण चालताना दम लागायला लागला म्हणून तालुक्याच्या कोविड सेंटरला नेलं. ऑक्सिजन लावला आहे. माझी तपासणी चांगली आली तरी मी गोठ्याच्या बाजूलाच वेगळी राहते. आपल्या घरातलं दूध लेकीला कसं पाठवायचं, म्हणून पलीकडच्या जावेच्या गाईचं पाठवत होते. गोरक्षला मीच दम दिला होता, तोंड उघडलंस तर बघ म्हणून. तुम्ही सायीवरून राग मोजत होता, आणि मी इकडं दिवस मोजत होते.

ह्यातलं एक अक्षर निकीला सांगू नका. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे. तिचा बापावर लई जीव. हात असे झालेत, झोप नाही, वर हे कळलं तर पोरगी आणि पोटातलं दोन्ही धोक्यात. ते बरे होऊन आले की आपण सांगू.

तुम्ही विचारलं ती काय करायची. हसाल तुम्ही. निकी घाबरली की गोठ्यात जायची आणि चांदरीच्या पाठीला पाठ लावून बसायची. चांदरी म्हणजे आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. ती रवंथ करत बसलेली असायची, हिला तिचा श्वास पाठीला लागायचा. दहावीच्या परीक्षेला, बारावीच्या निकालाला, राजसरावांचं घरी सांगायच्या आदल्या दिवशी पण तिथंच. तासाभरानं उठायची ती कपडे झटकून, जेवायला मागायची. चांदरी आता म्हातारी झाली, आटली. व्यापारी किती वेळा येऊन गेला, पण निकीसाठी ठेवली आहे, विकली नाही.

आता तुमच्या सावेडीत म्हैस कुठून आणायची.

साळूबाई


सावेडी
२३ एप्रिल

साळूबाई,

आधी सहादेवरावांचं. लीनानं त्या सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलंय. ऑक्सिजन लागतोय पण कमी कमी होत चाललाय, जेवण मात्र ते धड घेत नाहीत. तुम्ही एकटीनं हे सगळं ओढलंत आणि मी तुम्हाला दूध कसं सांभाळावं ते शिकवत होते.

आता दुसरं. तुमची शपथ मी मोडली. निकिताला सगळं सांगितलं.

पत्र फाडायच्या आधी पुढचं वाचा. पत्र मिळालं त्या दिवशी मी पाळायचं ठरवलं होतं. दुपारी निकिताजवळ बसले आणि विचारलं, बाई गं, नक्की कशाची भीती वाटते? धुऊन कधी समाधान होतं का? आधी शाळेत बोलतात तसं नीट बोलत राहिली. मग रडायला लागली, आणि तिची शाळेतली भाषा गळून पडून तुमची बाहेर आली. म्हणाली, "समदी म्हनता काय न्हाई, काय न्हाई. अण्णा फोनवर येत न्हाईत, आई म्हनती रानात गेल्यात. तुमी हसता, राजस हसतो. मला कळतं कायतरी हाय. पन कुठं हाय ते कुनी सांगंना. मग मला ते समद्यात दिसतंय. म्हनून मी समदं धुती. लई भ्या वाटतं, आई."

साळूबाई, तिथे माझी खात्री पटली. आपण दोघी तिला जपत होतो आणि त्यानंच ती घाबरत होती. मी लीनाला फोन केला. ती म्हणाली, सांगा, पण अर्धवट नको आणि घाईनं नको, जवळ बसून सांगा. मग मी सांगितलं. तपासणी कधी झाली, ऑक्सिजन किती, तुम्ही कुठे राहता, दूध कुणाच्या गाईचं, सगळं. ती खूप रडली. मी थांबवलं नाही. शेवटी तिनं तोंड पुसून विचारलं, "जेवतायत का ते?" इतक्या दिवसांत तिनं विचारलेला तो पहिला कामाचा प्रश्न.

मग मला तुमची म्हैस आठवली. हॉलच्या मधोमध चटई टाकली, बसले आणि म्हटलं, ये, पाठ लाव. ती बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाली. मग सांभाळून बसली, पाठीला पाठ लावून. सुरुवातीला तिचा श्वास धावत होता. मी माझा मुद्दाम सावकाश सोडत राहिले. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "आई, तुम्ही रवंथ करत नाही." उठून बडीशेपेचा डबा आणला, तोंडात टाकली आणि चघळत बसले. तुमची लेक पाठ हलवून हलवून हसली. मग तशीच, बसल्या बसल्या, तिला झोप लागली. माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

आता घराला वेळापत्रक आहे. संध्याकाळी पाच ते साडेपाच काळजीचा तास. लीनानं सुचवलं, शिस्त माझी. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसतो. अण्णांची बातमी, नगरचे आकडे, बाळाचं काय होईल, सगळं मोठ्यानं बोलायचं, काही लपवायचं नाही. साडेपाचला मी देवघरातली घंटा वाजवते, तास संपला. सकाळी अकराला भीती आली तर तिला सांगायचं, पाचला ये. पहिल्या दिवशी निकिता म्हणाली, असं ऐकते का कुठे भीती. परवा स्वतःच मला म्हणाली, आई, ते आत्ता नको, पाचला. पातेल्याचा ताबा माझ्याकडे. एकदा साबण, एकदा पाणी, कोरड्या फडक्यानं पुसायचं. सगळं एका दिवसात सुटलेलं नाही. काल तिनं दाराची कडी दोनदा पुसली. पण तिसऱ्यांदा फडकं मला आणून दिलं.

ती रोज साडेचारला अण्णांना फोन करणार आहे. तुम्ही आता छपरावर चढून खोटं हसू नका. जे असेल ते सांगा.

शपथ मोडल्याचा दोष माझ्या माथी. तुमच्या गळ्याला काही होणार नाही, मी खात्रीनं सांगते.

भार्गवी


वस्ती
४ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं तेव्हा चुलीत घालावंसं वाटलं. दोन दिवस मी तुम्हाला मनात नाही नाही ते बोलले. निकीच्या फोनच्या वेळेला छपरावर चढून थांबले. म्हटलं आता रडेल, आता काही होईल. ती म्हणाली, "आई, तू जेवलीस का? खरं सांग." मी म्हणाले, नाही जेवले. मग मीच रडले, छपरावर उभी राहून, आणि ती ऐकत राहिली. इतकं मोकळं मी कुणापुढं रडले नव्हते.

तिच्या बापाला तिनं फोनवर काय झापलं ते गोरक्षनं सांगितलं. तो डबा द्यायला गेला होता. "पालथं झोपा म्हनलं की पालथं झोपायचं अण्णा, डॉक्टरला उलटं बोलायचं न्हाई. आन भाकरी का वापस येती?" ह्यांनी नंतर गोरक्षला सांगितलं, पोरीपासून लपवायचं म्हणून घास उतरत नव्हता. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. काल घरी आले. अशक्त आहेत, बाजेवर पडून असतात. निकीसाठी विणलेल्या बाजेचं उद्घाटन बापानंच केलं.

तुम्ही चूक होता असं मला आता म्हणता येत नाही. बरोबर होता असं पण लिहिणार नाही, तुम्ही डोक्यावर बसाल.

पाच वाजता मी पण तास धरते. मला पायरीवर बसायला कुणी नाही, म्हणून चांदरीसमोर बसते आणि सगळं बोलते. वस्तीवरचे भिमाजी आजोबा गेले, त्यांचं बोलले. बाळंतपणाला मी नसणार, त्याचं बोलले. ती कान हलवते. साडेपाचला बादली वाजवते आणि उठते.

बारा दिवसांनी माझी पुन्हा तपासणी केली, चांगली आहे. आजपासून दूध आपल्या गोठ्यातलं. साय बघा आणि राग किती राहिला ते कळवा. सोबत लोण्याचा डबा आहे, निकीच्या हाताला रात्री लावा. डॉक्टरणीच्या मलमाबरोबर चालतं का विचारून घ्या.

साळूबाई


सावेडी
२९ मे

साळूबाई,

फोनवर तुम्ही ऐकलंच. काल दुपारी नात झाली. पूर्ण दिवसांची, सिझेरियन नाही, काचेची पेटी नाही. नाक सहादेवरावांचं आहे, वाद घालू नका.

फोनवर सगळ्यांसमोर सांगता आलं नाही ते इथे लिहिते. दवाखान्यात एकच माणूस आत सोडत होते. मला तो पांढरा झगा चढवला, मास्क, वर काच. पहाटे कळा वाढल्या तेव्हा निकिताचं बीपी चढलं आणि श्वास पुन्हा धावायला लागला. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाटेवर चढले आणि पाठ लावली. बडीशेप कशी खाणार, म्हणून मास्कच्या आत नुसता जबडा हलवत राहिले. लीना आत आली, बघितलं आणि म्हणाली, "बाई, दवाखान्यात काय खाताय?" मी म्हटलं, काही नाही, काम चालू आहे. कळेच्या मध्ये तुमची लेक हसली, साळूबाई. थोड्या वेळानं बीपी घेतलं तर उतरलं होतं.

पुढे तिला आत नेल्यावर मी बाहेर बाकावर बसले. तेव्हा मात्र माझ्या पाठीला काही नव्हतं. तुमची फार आठवण आली.

आज गोरक्षकडून किटली मागून घेतली. हातात घेतली, आतून पुसली. बर्फी भरली आहे, वर गुळाचा खडा.

भार्गवी


वस्ती
३० मे

विहीणबाई,

किटली मिळाली. रिकामी नव्हती.

मी आणि हे दोघं बराच वेळ ती समोर ठेवून बसलो. बर्फी वस्तीवर वाटली. गुळाचा खडा ठेवून दिला आहे, लेक येईल तेव्हा तिच्यावरून ओवाळीन. ती कधी येईल ते मी विचारत नाही. तुम्ही सांगाल तेव्हा.

साळूबाई


सावेडी
१३ जून

साळूबाई,

विचारत नाही म्हणता आणि गोरक्षला रोज विचारायला लावता. आज तो म्हणाला, "काकूनी बाभळीची लाकडं उन्हात टाकल्यात, पावसाच्या आत जाळाय पायजेत म्हनं." निरोप पोचला.

लीनानं परवानगी दिली. नगरचे आकडे उतरलेत, निकिताचं बीपी ठीक, सगळ्यांच्या तपासण्या चांगल्या. बुधवारी निकिता आणि बाळ निघतायत. बाळंतपण माहेरी झालं नाही, पण बाळंतीण माहेरी येतेय. बारसं तिथेच, नाव तुम्ही ठेवायचं. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तुमच्या पद्धतीनं. मी एक अक्षर बोलणार नाही. बोलले तर घंटा वाजवा.

निकिताच्या हातांना नवी कातडी आलीय, गुलाबी. बाळाला घ्यायच्या आधी ती हात धुते, एकदा. कधी दोनदा. पायरीवरचा तास अजून चालू आहे, पण परवा पाच वाजता बोलायला काही निघेना, म्हणून राजसचे केस गळतात त्यावर अर्धा तास काढला. तो रविवारी फाटकाच्या आत आला. मुलीला घेऊन इतका ताठ बसला होता की तीच दचकून रडली.

एक काम तुमच्याकडे आहे. चांदरीला सांगा, तिच्या जागेवर मी जवळजवळ दोन महिने बदलीवर काम केलं. तक्रार आली नाही. आता तिनं हजर व्हावं. निकिता आल्या आल्या तिच्याकडेच जाणार आहे, बाळाला घेऊन, तसं तिनं सांगून ठेवलंय.

आणि मीही येतेय, दोन दिवसांसाठी. टेम्पोत गोरक्षशेजारी बसेन, किटली मांडीवर असेल. मला खोली नको, पाहुणचार नको. संध्याकाळी पाच वाजता तुमच्या गोठ्यात चटई टाका आणि माझ्याकडे पाठ करून बसा. इतके दिवस मी टेकू दिलाय, साळूबाई. आता मला टेकायचंय.

तुमची
भार्गवी